कोपऱ्यातला पांढरा अंगठा

माझ्या कपाटात द्वारकाअक्काने केलेलं एकच कार्ड आहे, आणि ते तिचं सगळ्यात वाईट काम आहे. निळं, सपाट, चारही कोपऱ्यांपर्यंत शाई भरलेलं. ज्यांनी तिची बाकीची कार्डं पाहिलीत ते म्हणतील, हे अक्काचं नव्हेच. ते तिचंच आहे आणि ते असं का झालं, हे फक्त तिला आणि मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. नाहीतर निवृत्त क्लार्कला लिहायचं काय पडलंय? जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलं तेवढं पुरे होतं.

आमची शाळा यावलपासून एसटीने वीस मिनिटांवर. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत, आणि मलाही अजून त्याच बसने जावं लागतं. शाळेच्या तीन बाजूंना केळीच्या बागा आणि चौथीला रस्ता. अक्का तिथे शिपाई. माहेर धुळ्याकडचं, साक्रीच्याही पुढचं. सासरी येऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी तिच्या तोंडातली अहिराणी गेली नव्हती, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे पोरं तिची नक्कल करायची. तिला राग यायचा नाही. अंगाने बारीक, पदर कमरेला खोचलेला, चालणं घाईचं, आणि उजव्या अंगठ्याचं नख बारा महिने निळं. ती बौद्ध होती. हे सांगायची गरज नव्हती, पण स्टाफरूमच्या खिडकीत तिचा कप वेगळा ठेवलेला असायचा. का वेगळा, हे कोणी बोलत नसे. मीही कधी विचारलं नाही. माझं बरंचसं आयुष्य असं न विचारण्यातच गेलंय.

तिची-माझी खरी ओळख झाली ती चोरीवरून. म्हणजे मला वाटलं चोरीवरून. ऑफिसातल्या शाईच्या बाटल्या भराभर संपायला लागल्या. निळी तर संपायचीच, स्टॅम्प पॅडची जांभळीही संपायची. आता जमाना प्रिंटरचा, शाईने लिहितं कोण? मी सरळ अक्काला धरलं. "अक्का, शाई पिता की काय तुम्ही?" असंच बोलले, तोंडाला माझ्या कधी लगाम नव्हता. ती "चाला," एवढंच म्हणाली आणि मला मैदानामागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे मोडके बाक, कबड्डीच्या चटया, जुने नकाशे पडलेले असतात. त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली आणि तिच्यावर कागद वाळत घातलेले.

मी बघतच राहिले. निळ्यातून जांभळं निघालेलं, त्यात पांढऱ्या चांदण्या, एका कागदावर केळीच्या दांड्याच्या कापाचे ठसे, जाळीजाळीचे. एकावर राखाडी धुकं पसरलेलं. आणि प्रत्येक कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी कोरी पांढरी जागा.

"हे काय आहे?"

"कार्डना कागद शेतस. दहावीना पोरेंसाठे."

आमच्याकडे दहावीच्या निरोप समारंभाला प्रत्येक मुलाला शाळेकडून एक कार्ड द्यायची पद्धत. दरवर्षी बाजारातून आणायचो, गुलाबाची फुलं छापलेली. त्या वर्षी हेडसरांनी परवानगी दिली आणि अक्काचे कागद दुमडून कार्डं केली. आत मजकूर ड्रॉइंगसर लिहायचे, त्यांचं अक्षर सुंदर. अक्काने कधी एक अक्षर लिहिलं नाही. लिहिता येत होतं, बारावी झालेली बाई ती. पण म्हणायची, "वरनं तुम्ही लिखा. मी खालनं करस."

तिचं सामान बघून हसू यायचं. खिचडीची जुनी परात, दात घासायचा ब्रश, चहाची गाळणी, खडे मीठ, मेणबत्तीचे तुकडे. ओल्या शाईवर मीठ टाकलं की मिठाचा खडा आजूबाजूची शाई ओढून घेतो आणि तिथे फूल उमलतं. दुधाची पिशवी चुरगाळून ओल्या कागदावर दाबून ठेवली की वाळल्यावर झाडाच्या सालीसारख्या रेघा येतात. केळीचा चीक लावला की तपकिरी डाग पडतो आणि तो या जन्मी जात नाही. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, बागेतल्या कपड्यांवरचे ते डाग. तिचा नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामावर होता. त्याच्या खिशात कोपऱ्यांना जी राख साचायची, ती झटकून ठेवायची आणि गाळणीने कागदावर धरायची. ते राखाडी धुकं म्हणजे ती राख. आणि चांदण्यांचं गुपित? संडासात टाकायची ब्लिचिंग पावडर! तिचं पाणी ब्रशने शिंपडलं की निळी शाई तेवढ्यापुरती उडून जाते. शाळेचे संडास धुणारीही तीच, त्यामुळे हा शोध दुसऱ्या कोणाला लागणं शक्यच नव्हतं.

आणि तो पांढरा अंगठा. कागद परातीतल्या शाईत बुडवताना ती एका कोपऱ्याला अंगठ्याने धरायची. तेवढी जागा कोरी राहायची. मी शहाणपणा करून म्हटलं, "अक्का, चिमट्याने धरा ना. अख्खा कागद रंगेल."

"चिमटाले काय समजस?" ती म्हणाली. "कागद शाई पिना की जड व्हस. अंगठाले समजस किती पिना. मंग काढी लेवानं." आणि मग तिचं नेहमीचं वाक्य: "बठ्ठं शाई करस, ताई. मी फक्त धरस."

म्हणजे त्या अंगठ्याच्या जागेवरून कळायचं की कागद अक्काचा. तिने हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

प्रत्येक पोरासाठी वेगळा कागद, हा तिचा हट्ट. ती वर्गात शिकवत नसली तरी पोरं तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत. कोण डबा न आणता येतं, कोण संडासात जाऊन रडतं, सगळं तिला ठाऊक. "हाई पोर घाबरट शे, हिले चांदण्या जास्त." "हाऊ पोऱ्या उतावळा, याना कागद मी दोनदा बुडाडा." एकदा हेडसरांनी शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या मुलाच्या वाढदिवसाला एक कार्ड मागितलं. अक्काने विचारलं, मुलगा कसा आहे? हेडसर म्हणाले, "मला काय माहीत? द्या कसलंही." तर नाही दिलं! खुशाल सांगितलं, शाई संपली. माझ्या टेबलावर दोन भरलेल्या बाटल्या उभ्या होत्या. मी गुपचूप त्या खणात सारल्या. तेवढी एक गोष्ट मी तिच्यासाठी केली, असं म्हणायला हरकत नाही.

पण खरा तमाशा झाला आठवी 'ब'च्या तासाला. त्या दिवशी विज्ञानाच्या मॅडम आल्या नव्हत्या आणि आठवी 'ब' म्हणजे नुसता बाजार. अक्काला सांगितलं, वर्गात बस, दंगा होऊ देऊ नको. ती परात घेऊन गेली, मीठ घेऊन गेली. थोड्या वेळाने वर्गातून आवाजच येईना. मला वाटलं पोरं पळाली. जाऊन बघते तर साठ पोरं जमिनीवर बसलेली, मधे परात, आणि अक्का हळू आवाजात सांगतेय, "आते थांबा. मीठले टाइम द्या. घाई करी का फूल येत नही." कोणीतरी हात वर करून विचारलं, "मॅडम, माझं कधी?"

मॅडम! अक्काचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. तिने कागद त्या मुलाच्या हातात दिला आणि त्याचा अंगठा धरून कोपऱ्यावर ठेवला.

आणि या सगळ्यात घंटा द्यायची राहून गेली. तिसरा तास पंधरा मिनिटं लांबला. सगळी शाळा आपापल्या वर्गात ताटकळत बसलेली, सातवीत गणिताचे सर फळा पुसून पुसून दमले. हेडसर बाहेर येऊन ओरडले, "अक्का! घंटा कोण देणार, मी?" ती पळत सुटली, निळ्या हातांनी टोल घेतला. त्या टोलावर निळे डाग किती दिवस होते.

त्या दिवसापासून तिच्या मनाने एक गोष्ट धरली. मला डबा खाताना म्हणाली, "माले एक तास पाहिजे, ताई. आठवडामा एक. कार्यानुभवना."

कार्यानुभवाचा तास आमच्याकडे तासिकेवर कोणालाही द्यायचे. एकदा शिवणाच्या बाईंना दिला होता, एकदा भजनी मंडळातल्या एका आबांना. अक्काला का नाही? पैशासाठी नव्हतं तिचं. त्या एका तासाला तिला वर्गात पुढच्या दाराने, हातात खडू घेऊन जायचं होतं. एवढंच. मी हेडसरांकडे शब्द टाकला. हेडसर माणूस वाईट नव्हते, नुसते भित्रे होते. म्हणाले, "जिल्ह्याची उपक्रमांची स्पर्धा आहे जळगावला. तिचे नमुने पाठवू. निवड झाली की संस्थेपुढे विषय मांडायला मला तोंड राहील."

अक्का दोन महिने त्या खोलीत राबली. शाळा सुटल्यावर थांबायची, दिवे लागायच्या आत शेवटची एसटी धरायची. चाळीस कागद केले. मी असे कागद पुन्हा पाहिले नाहीत. केळीच्या सुकलेल्या पानाच्या शिरा, त्यावर राख, त्यातून फुटलेला निळा उजेड. आणि चाळीसही कागदांच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा अंगठा.

स्पर्धेचा फॉर्म शिक्षकाच्या नावानेच भरावा लागतो. ड्रॉइंगसर म्हणाले, "माझं नाव घाला, खाली अक्काचं सहकार्य म्हणून टाकू." ड्रॉइंगसर म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. हेडसर हो म्हणाले. फॉर्म मी टाइप केला. सहकार्याची ओळ आली तेव्हा ड्रॉइंगसर म्हणाले, "राहू द्या ती रिकामी, शिपायाचं नाव बघून परीक्षक हसतील." मी ती रिकामी ठेवली. मग ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "ताई, या कोपऱ्यातले अंगठे घाण दिसतायत. तुमच्या कटरवर उजवीकडून बोटभर पट्टी उडवा बरं."

मला कोणी धमकावलं नव्हतं. माझी नोकरी पक्की होती, नवऱ्याचा पगार होता, पोरगी शिकत होती. "सर, तो अंगठा अक्काची खूण आहे," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. उन्हाळ्याची दुपार होती, घरी पाहुणे येणार होते, मला बस गाठायची होती. पाच-पाच कागद रचून मी कटरचा दांडा खाली आणला. आठ वेळा. पट्ट्या खाली टोपलीत पडल्या, निळ्या पट्ट्या आणि प्रत्येकीच्या वरच्या टोकाला पांढरा अंगठा. मी हात झटकले आणि निघाले. लाज वाटते लिहिताना. वाटायलाच पाहिजे.

जळगावला आम्ही जीप करून गेलो: हेडसर, ड्रॉइंगसर, मी आणि अक्का. अक्काला नेलं ते खोकी उचलायला आणि बोर्ड टांगायला. ती नवी साडी नेसून आली होती, जांभळी, काठ पांढरे. खोकं उघडून तिने पहिला कागद हातात घेतला आणि थांबली. दुसरा घेतला. कोपऱ्यावर अंगठा ठेवून बघितला, जिथे पूर्वी जागा होती तिथे. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हाई कोनी कापं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "सरांनी प्रेसमध्ये नेले असतील."

"बरं," ती म्हणाली, आणि एकेक कागद टाचणीने बोर्डावर लावत गेली. चाळीसही कागद सरळ रेषेत.

परीक्षक आले. एक म्हातारे गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक कागद नाकाजवळून बघत होते. त्यांनी ड्रॉइंगसरांना विचारलं, "या चांदण्या कशा साधल्या हो? शाई नेमकी तेवढीच कशी उडाली?"

सर गडबडले. "ते... एक स्पेशल केमिकल असतं सर. बाहेरून मागवतो आम्ही."

मागून अक्काचा आवाज आला. मोठा नाही, पण स्पष्ट. "संडासनी पावडर शे ती. पाणीमा टाकेल."

मग सर मोठ्याने हसले. "आमच्या शिपाईबाई फार विनोदी आहेत!" सगळे हसले. ते म्हातारे परीक्षकही हसले आणि पुढच्या बोर्डाकडे गेले. हेडसर खाली बघून हसले. आणि मीही हसले. खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त वेळ मीच हसले असेन, कारण अक्काकडे बघायचं टाळायला दुसरं काही सुचेना.

नंबर आला. शाल, नारळ, फोटो, शाळेच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग. जूनमध्ये संस्थेने कार्यानुभवाचा तास दिला, तो ड्रॉइंगसरांना. अध्यक्ष म्हणाले म्हणे, पुरस्कार मिळालेला माणूस असताना दुसरीकडे कशाला बघायचं? हेडसरांनी अक्काला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. ती बाहेर आली, माझ्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली उचलली, रिकामी करून आणली, जागेवर ठेवली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाळ माझं! ऑफिसातली टोपली रोज कोण रिकामी करतं? वीस वर्षं कोण करत होतं? त्या चाळीस पट्ट्या मी ज्या टोपलीत टाकल्या, ती दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानेच उचलली असणार. जळगावला तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिला फक्त बघायचं होतं, मी काय उत्तर देते. आणि मी दिलं होतं उत्तर.

त्यानंतर अक्काने कार्डं केली नाहीत. निरोप समारंभाला पुन्हा गुलाबाची फुलं आली, नंतर मोबाइलवरून छापून आणलेली, मुलाच्या फोटोसकट. ड्रॉइंगसरांच्या तासाला पोरं घोटीव कागदाची फुलपाखरं करायची. एका वर्षी कोणीतरी सरांना चांदण्यांचे कागद करायला सांगितलं, तर म्हणाले ते केमिकल आता मिळत नाही. मागच्या खोलीतली सुतळी कबड्डीच्या पोरांनी सोडून नेली. अक्काच्या अंगठ्याचं नख हळूहळू साध्या रंगाचं झालं. फक्त भीमजयंतीला आपल्या गल्लीतल्या लेकरांना ती काहीतरी करून देते, असं ऐकलं. मी कधी मागितलं नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

आणि बोलणं बंद झालं म्हणाल, तर तेही नाही. हेच तर छळायचं. ती रोज "ताई, जेवनात का?" विचारायची. मी रोज हो म्हणायचे. दहा वर्षं आम्ही एकाच छपराखाली काढली आणि एकमेकींना सगळं माहीत असून एक शब्द काढला नाही. अनेकदा ठरवलं, आज बोलायचं. माफी मागायची. मग कोणीतरी दाखला मागायला यायचं, फोन वाजायचा, आणि मला मनातून बरंच वाटायचं की आजचं टळलं. माफी मागणं मला कठीण होतं असं नाही. ती देईल की नाही, हे ऐकणं कठीण होतं.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी शाळेने हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. ड्रॉइंगसर आता हेडसर झाले होते. त्यांनी भाषणात मला शाळेचा कणा वगैरे म्हटलं. शाल दिली, भिंतीवर लावायचं घड्याळ दिलं. अक्का दारात उभी होती, नेहमीसारखी. सगळे पांगल्यावर मी ऑफिसात येऊन खण रिकामा करत होते, तेव्हा ती आत आली आणि पदराखालून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

माझ्या डोळ्यात पाणीच आलं. इतक्या वर्षांनी! मी कार्ड उचललं आणि आधी कोपरा बघितला. वरचा उजवा. निळा होता. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही निळे. शाई इतकी प्यायलेली की कागद पापडासारखा कडक झाला होता, पाठीमागेही फुटून आली होती. चांदणी नाही, राख नाही, मिठाचं एक फूल नाही. मला किती चांदण्या द्यायच्या हे तिने ठरवलेलंच होतं.

"अक्का," मी म्हटलं, "अंगठा?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. रागाने नाही. सकाळी शाळेचं दार उघडताना बघते तसं.

"आते चिमटा धरस, ताई," ती म्हणाली. "तुमले कापानं काम नको."

मी तोंड उघडलं. दहा वर्षं घोकलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण तिने ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, साडेपाचला एक मिनिट कमी होतं. ती वाकली, माझ्या टेबलाखालची टोपली उचलली, काखेत धरली आणि बाहेर गेली. व्हरांड्यातून तिची पावलं ऐकू आली, मग टोलाचा आवाज. घंटा अगदी वेळेवर झाली.